तुरुंगाची हवा

शाळेत असताना मराठीच्या पेपरात एकदा 'तुरुंगाची हवा खाणे' हा वाक्प्रचार वाक्यात उपयोग करण्यासाठी आला होता. मी जागा कोरी सोडली. एरवी मराठीचा अर्धा मार्कसुद्धा सोडणाऱ्यातली मी नव्हे! पण त्या वर्षी माझा मामा खरोखरच ती हवा खात होता, आणि आपण वाक्य लिहिलं की बाईंना सगळं कळेल अशी माझी खात्री होती.

मामा तालुक्याच्या गावी एका संस्थेत कारकून होता. हिशेबात रक्कम जुळेना. वरच्यांनी खालच्यांकडे बोट दाखवलं, आणि सगळ्यात खाली मामा होता. अफरातफरीची केस झाली. जामिनापुरते पैसे नव्हते, उभा राहणारा जामीनदार नव्हता. मामा चौदा महिने कच्चा कैदी म्हणून आत राहिला. (कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे तो. शिक्षा झाली की पक्का. आंब्यासारखंच.) १९८४ साली कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. घरी आला तेव्हा त्याच्या जुन्या शर्टात दोन मामा मावले असते, आणि रात्रभर तो खोकायचा.

आजी म्हणाली, "जेलचं पाणी लागलं पोराला." पुढे एक्सरे काढला, थुंकी तपासली, टीबी निघाला. रोज सकाळी कंपाउंडरकडे जाऊन इंजेक्शन, वर गोळ्या, असं दीड वर्ष चाललं. आजीनं त्याचा पेला आणि ताट वेगळं काढलं होतं, मोरीच्या बाजूच्या फळीवर. मामा बरा झाला. पण तोवर त्याच्या धाकट्या मुलीच्या मानेला गाठी आल्या. तीही झाली बरी. मात्र घरात एक प्रश्न मुक्कामाला आला तो कायमचाच. हे दुखणं आणलं कुणी? मामीच्या माहेरचे म्हणायचे, जेलमधून. मामाचे चुलते म्हणायचे, छे, आमच्या अण्णांनाही खोकला होता, घराण्यातलंच आहे ते. मामा काहीच म्हणायचा नाही.

हा प्रश्न मी पार विसरून गेले होते. तो पुन्हा भेटला तो थेट दक्षिण आफ्रिकेत. म्हणजे मी तिथे गेले नाही. नेल्सन मंडेलांचं आत्मचरित्र वाचत होते, त्यावरून एका खटल्यापाशी पोचले, आणि मग बरेच दिवस तिथेच अडकून पडले.

केप टाऊनच्या दक्षिणेला टोकाई नावाचं उपनगर आहे. डोंगर, झाडी, जवळच कॉन्स्टॅन्शियाचे द्राक्षमळे. अशा निसर्गरम्य जागी १९६४ पासून पोल्समूर नावाचा तुरुंग उभा आहे. मंडेला रॉबेन बेटावर होते हे आपल्याला पाठ असतं, पण १९८२ मध्ये त्यांना बेटावरून इथे हलवलं हे सहसा लक्षात राहत नाही. आधी ते सहकाऱ्यांबरोबर वरच्या मजल्यावर एका मोठ्या खोलीत होते. १९८५ मध्ये प्रोस्टेटचं ऑपरेशन होऊन परत आले तेव्हा त्यांना तळमजल्यावर एकट्याला ठेवण्यात आलं. तीन खोल्या होत्या, म्हणजे कैद्याच्या मानाने ऐसपैसच, पण ओल धरलेल्या आणि कुबट. सरकारशी बोलणी सुरू केली ती इथूनच. आणि क्षय झाला तोही इथेच.

१९८८ चा ऑगस्ट. तिकडे तेव्हा हिवाळा. मंडेलांना नुकतं सत्तरावं पूर्ण झालं होतं. जूनमध्ये लंडनला वेम्ब्ली स्टेडियममध्ये त्यांच्या वाढदिवसाची ती प्रचंड मैफलही होऊन गेली होती. वकिलाशी भेट चालू असतानाच त्यांना उलटी झाली. टायगरबर्ग हॉस्पिटलमध्ये नेलं. पहिल्या डॉक्टरांना विशेष काही आढळलं नाही. दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले, त्यांनी छातीवर बोटानं ठोकून पाहिलं आणि जागच्या जागी सांगितलं, फुप्फुसात पाणी झालंय. दोन लिटर पाणी निघालं, आणि त्यात क्षयाचे जंतू सापडले. कोठडीतल्या ओलीनं या दुखण्याला हातभार लावला असावा असं डॉक्टरांचं मत पडलं. (आजी असती तर म्हणाली असती, बघा, जेलचं पाणीच!)

नशिबानं रोग अगदी सुरुवातीला सापडला होता. ऑगस्टअखेर मंडेलांना कॉन्स्टॅन्शियाबर्ग या खाजगी इस्पितळात हलवलं. तिथे दाखल झालेले ते पहिले काळे रुग्ण. पहिल्याच सकाळी समोर अंडी आणि बेकनची न्याहारी आली. पथ्यात बसत नाही म्हणून तुरुंगाचा अधिकारी ती परत पाठवायला निघाला, तेव्हा मंडेलांनी त्याला हसून सांगितलं की यानं मरण येणार असेल तर आज माझी तयारी आहे. ७ डिसेंबर १९८८ ला त्यांना पोल्समूरला परत न नेता व्हिक्टर व्हर्स्टर तुरुंगाच्या आवारातल्या एका स्वतंत्र घरात ठेवलं. तिथे पोहण्याचा तलाव होता, स्वयंपाकी होता. तिथूनच ते ११ फेब्रुवारी १९९० ला बाहेर पडले.

क्षय झालेल्या कैद्याची व्यवस्था यापेक्षा चांगली होणं अवघड. लवकर निदान, अखंड औषधं, चांगलं अन्न आणि मोकळं हवेशीर घर. डॉक्टर मंडळी सांगतात ते सगळं इथे जमून आलं होतं. यात सरकारची दया किती आणि भीती किती याचा हिशेब सोपा आहे. मंडेला कोठडीत खोकून खोकून गेले असते तर ते त्या सरकारला परवडणारं नव्हतं.

आता याच पोल्समूरमधला दुसरा कैदी. त्याचं नाव डडली ली. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये त्याला पकडलं. फसवणूक, काळा पैसा पांढरा करणं असल्या आर्थिक गुन्ह्यांचे आरोप होते. वय पन्नाशीच्या पुढे, सिगरेटचं व्यसन. मधले थोडे दिवस जामिनावर बाहेर होता. ते सोडले तर २००४ च्या सप्टेंबरपर्यंत आतच. म्हणजे जवळजवळ साडेचार वर्षं कच्चा कैदी! तोवर देशात स्वातंत्र्य आलं होतं, मंडेला राष्ट्राध्यक्ष होऊन निवृत्तही झाले होते. पण पोल्समूरच्या त्या इमारतीत क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट माणसं भरलेली होती. एकट्यासाठी बांधलेल्या कोठडीत तिघं. दिवसाचे तेवीस तास दार बंद. कोर्टाच्या तारखांना लीला सत्तरेक वेळा नेलं-आणलं, तेही गाडीत कोंबून आणि कोर्टातल्या कोठडीत कोंबून. २००३ च्या जूनमध्ये त्याला टीबी असल्याचं निदान झालं. आत आला तेव्हा तो नव्हता, याबद्दल वाद नव्हता. २७ सप्टेंबर २००४ ला तो निर्दोष सुटला.

योगायोग असा, की त्याच वर्षी जुलैमध्ये बँकॉकच्या एड्स परिषदेत मंडेला आपल्या क्षयाबद्दल जाहीरपणे बोलले होते. लाजू नका, वेळेवर तपासा, औषध पूर्ण घ्या, बरा होतो, असा त्यांचा सांगावा होता. अगदी खरं. फक्त 'वेळेवर तपासा' हे कोठडीत बसलेल्याच्या हातात नसतं.

ली घरी गेला आणि त्यानं एक गोष्ट केली, जी आमच्या मामाच्या स्वप्नातही आली नसती. त्यानं सरकारवर नुकसानभरपाईचा दावा लावला.

दाव्याचं पुढे काय झालं हे सांगण्याआधी या रोगाची चाल सांगायला हवी, कारण सगळा खटला तिच्याभोवती फिरला.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखनं १८८२ मध्ये दाखवला. पण तुरुंगात माणसं खोकून मरतात हे त्याआधीच मोजलं गेलं होतं. लंडनच्या मिलबँक तुरुंगाचे डॉक्टर विल्यम बेली यांनी १८४५ मध्ये तुरुंगातल्या मृत्यूंवर निबंध लिहिला. बाहेरच्या लोकांच्या तुलनेत कैदी क्षयानं किती जास्त मरतात हे त्यांनी आकडेवार मांडलं होतं. जंतू माहीत नव्हता, पण हिशेब माहीत होता. जंतू हवेतून जातो हे प्रयोगानं पक्कं ठरायला मात्र शंभराहून जास्त वर्षं गेली. अमेरिकेत बाल्टिमोरला रिचर्ड रायली यांनी १९५६ ते १९६२ या काळात क्षयरोग्यांच्या वॉर्डातली हवा नळ्यांतून वर नेऊन माळ्यावर ठेवलेल्या गिनीपिगांना पोचवली. एकाही गिनीपिगाचा रोग्याशी संबंध नव्हता, त्यांना फक्त ती हवा मिळत होती. तरी त्यांना क्षय झाला. काही पिंजऱ्यांकडे जाणाऱ्या हवेवर त्यांनी अतिनील किरण सोडले होते. तिथले गिनीपिग वाचले.

म्हणजे ताट नाही, पेला नाही, टॉवेल नाही. खोकताना, बोलताना उडालेल्या थेंबांतलं पाणी सुकतं आणि उरलेला सूक्ष्म कण जंतूसकट तासन् तास हवेत तरंगत राहतो. खिडकी उघडी असेल तर तो निघून जातो, नसेल तर कुणीतरी तो ओढून घेतं. आपल्याकडेच मद्रासला १९५६ पासून वॉलेस फॉक्स यांच्या देखरेखीखाली एक अभ्यास झाला होता. निम्मे रोगी दवाखान्यात आणि निम्मे आपापल्या गरीब, दाटीच्या घरात ठेवून दोघांना सारखीच औषधं दिली. घरी राहून औषध घेणारेही तसेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना जास्त धोका झाला नाही. जी काही लागण व्हायची ती बहुतेक औषध सुरू होण्याआधीच होऊन गेलेली असते. १९५९ मध्ये हे छापून आलं. म्हणजे मोरीच्या फळीवर मामाचा पेला ठेवला गेला त्याच्या पंचवीस वर्षं आधी! आजीला कोण सांगणार होतं म्हणा. पण मामाच्या डोळ्यांपुढे तो पेला दीड वर्ष होता, एवढं खरं.

आणखी एक खोच आहे. जंतू आत शिरला म्हणजे रोग झाला असं नाही. बहुतेकांच्या अंगात तो जन्मभर निजून राहतो. दहातल्या एखाद्याला पुढे कधीतरी, महिन्यांनी किंवा वर्षांनी, रोग होतो. अन्न कमी पडलं, एचआयव्ही असला की तो लवकर जागा होतो. त्यामुळे आज खोकणाऱ्या माणसाला तो नेमका कुठे, कधी, कुणाकडून मिळाला हे सांगणं जवळजवळ अशक्य.

नेमका इथेच लीचा दावा अडकला.

२०११ मध्ये केप टाऊनच्या हायकोर्टानं लीच्या बाजूनं निकाल दिला. नव्या कैद्यांची तपासणी, खोकणाऱ्याला वेगळं ठेवणं, औषध पूर्ण होतंय की नाही हे पाहणं, हे सगळे नियम कागदावर होते. ते पाळले जात नव्हते, आणि हे तुरुंगाच्या डॉक्टरांच्याच साक्षीतून बाहेर आलं. सरकार अपिलात गेलं. २०१२ च्या मार्चमध्ये सर्वोच्च अपील न्यायालयानं निकाल फिरवला. गंमत बघा, हलगर्जीपणा झाला हे त्यांनाही मान्य होतं! त्यांचं म्हणणं एवढंच, की नियम नीट पाळले असते तरी धोका शून्य झाला नसता. लीला कुणाकडून लागण झाली हे त्याला सांगता येत नाही. ज्याच्याकडून झाली तो माणूस तपासणीत सापडला असता की नसता, हेही सांगता येत नाही. मग सरकारच्या हलगर्जीपणामुळेच त्याला टीबी झाला असं कसं म्हणणार?

हे वाचताना मी खुर्चीत सरळ झाले. मामाच्या चुलत्यांचा आवाज ऐकू आला मला. तर्क अगदी काटेकोर होता. आणि त्याचा परिणाम असा होता की जितकी गर्दी जास्त, जितके खोकणारे जास्त, तितकं नेमका माणूस दाखवणं कठीण आणि तितका तुरुंग सुरक्षित!

शेवटचं अपील जोहान्सबर्गच्या संविधान न्यायालयात गेलं. या इमारतीबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ते न्यायालय एका जुन्या तुरुंगाच्या जागेवर बांधलंय. तो ओल्ड फोर्टचा तुरुंग. १९०८ मध्ये आपले गांधीजी इथे कैदेत होते, पुढे मंडेलाही होते. २००४ मध्ये न्यायालयाची इमारत खुली झाली तेव्हा कच्च्या कैद्यांचा विभाग पाडला होता, आणि त्याच्याच विटा न्यायदालनाच्या भिंतीत बसवल्या होत्या. म्हणजे एका कच्च्या कैद्याच्या खटल्याचा निकाल कच्च्या कैद्यांच्या विटांपुढे व्हायचा होता. मी कथा लिहीत असते तर असा योगायोग घालायला धजले नसते.

११ डिसेंबर २०१२ ला निकाल लागला. पाच विरुद्ध चार, ली जिंकला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती बेस न्काबिंदे यांनी लिहिला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ माझ्या शब्दांत असा. लागण कुणाकडून झाली हे दाखवण्याची सक्ती कैद्यावर करता येणार नाही. त्याला कोठडी निवडता येत नाही, शेजारी निवडता येत नाही, खिडकी उघडता येत नाही. सरकारनं नीट काळजी घेतली असती तर त्याचा धोका बराच कमी झाला असता, हे पुराव्यावरून दिसतं, आणि तेवढं पुरे. भरपाईचा आकडा ठरवायला प्रकरण हायकोर्टाकडे परत गेलं.

विरुद्ध बाजूचं निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती होते एडविन कॅमेरॉन. आधी मला त्यांचा रागच आला. पण ते वाचलं तर त्यात तुरुंगाची बाजू घेतलेली नाही. जुन्या कसोटीला ताणून हे प्रकरण तिच्यात बसवू नका, कायद्यातच नवी वाट पाडायची का याचा विचार करा आणि त्यासाठी खटला खाली परत पाठवा, असा त्यांचा रोख होता. कॅमेरॉन यांच्याबद्दल पुढे आणखी सांगायचंय.

या खटल्यातल्या साक्षीपुराव्यांतून एक वेगळीच गोष्ट निघाली. कोठड्यांची मापं, माणसांची संख्या, दार बंद असण्याचे तास, ही सगळी माहिती कोर्टापुढे आली होती. ती घेऊन केप टाऊनच्या संशोधकांनी गणित मांडलं आणि २०११ मध्ये प्रसिद्ध केलं. पोल्समूरमध्ये वर्षभर राहिलेल्या कच्च्या कैद्याला क्षयाची लागण होण्याची शक्यता निघाली नव्वद टक्के. त्यांनी उपायांचंही गणित केलं, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. नुसती हवा थोडी वाढवली, किंवा नुसते बंदीचे तास थोडे कमी केले, तर फरक फारच थोडा. देशाच्याच नियमाइतकी माणसं कोठडीत ठेवली तर लागण तीस टक्क्यांनी कमी. आंतरराष्ट्रीय नियमाइतकी जागा दिली, आणि खोकणाऱ्यानं येऊन सांगण्याची वाट न पाहता आपणच प्रत्येकाला तपासलं, तर चौऱ्याण्णव टक्क्यांनी कमी! यात नवं औषध नाही की यंत्र नाही. जागा आणि तपासणी.

नुसतं औषध दिलं आणि बाकी काही केलं नाही तर काय होतं, याचा प्रयोग रशियानं करून दाखवलाय, तोही नकळत. सोव्हिएत संघ कोसळल्यावर नव्वदीच्या दशकात तिथल्या तुरुंगांत सुमारे दहा लाख माणसं होती आणि दहातल्या एकाला क्षय होता. पैसा नव्हता, त्यामुळे औषधं येत ती अर्धवट. आज ही गोळी, पुढच्या महिन्यात ती नाही. जंतू अर्धवट मार खाऊन शहाणा झाला. नेहमीच्या औषधांना दाद न देणारा क्षय कोठड्यांत तयार झाला, आणि माणसं सुटली तशी त्यांच्याबरोबर तोही गावोगाव गेला.

अझरबैजानमध्ये रेडक्रॉसनं १९९५ पासून कैद्यांवर उपचार सुरू केले, तेव्हा डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसली. थुंकीच्या नमुन्यांत हेराफेरी होत होती. क्षयाच्या इस्पितळात जेवण बरं आणि जाच कमी, म्हणून धडधाकट माणसं रोग्याची थुंकी आपली म्हणून द्यायची. आपण हे ऐकून हसतो. पण जिथे क्षय होणं ही बढती वाटावी, ती जागा कशी असेल! पुढे त्याच देशानं आत येणाऱ्या प्रत्येकाची तपासणी, दाद न देणाऱ्या क्षयासाठीची महाग औषधं आणि सुटल्यावरही पाठपुरावा, अशी व्यवस्था लावली आणि तिचे दाखले इतर देश देऊ लागले. म्हणजे जमतं. पैसा लागतो, चिकाटी लागते, पण जमतं. २०१९ या एका वर्षात जगभरच्या तुरुंगांत सुमारे सव्वा लाख लोकांना क्षय झाला असा अंदाज आहे, आणि त्यातल्या जेमतेम निम्म्यांचं निदान झालं. उरलेले तसेच खोकत राहिले, कुणाच्या तरी शेजारी.

तर कॅमेरॉन. २३ एप्रिल २०१५ ला ते न्यायाधीश या नात्यानं पोल्समूरची पाहणी करायला गेले. निकाल लागून सव्वादोन वर्षं झाली होती. कच्च्या कैद्यांच्या विभागात क्षमतेच्या जवळजवळ तिप्पट माणसं होती. त्यांनी जे पाहिलं ते, घाण, उवा, फोड, बंद हवा, सगळं अहवालात लिहिलं. त्याच वर्षी तिथे उंदरांमुळे लेप्टोची साथ आली आणि हजारो कैदी हलवावे लागले. सोंके जेंडर जस्टिस या संस्थेनं कॅमेरॉन यांच्या अहवालाचा आधार घेऊन दावा केला. डिसेंबर २०१६ मध्ये हायकोर्टानं हुकूम दिला की सहा महिन्यांत ही गर्दी क्षमतेच्या दीडपटीवर आणा. (दीडपट! म्हणजे कोर्टाचं स्वप्नसुद्धा दीडपटीचंच.) न्यायालयातून निवृत्त झाल्यावर २०२० मध्ये कॅमेरॉन देशातल्या तुरुंगांवर देखरेख करणारे न्यायाधीश झाले. त्यांनी आपल्या पुस्तकात लिहिलंय की ते लहान असताना त्यांचे वडील तुरुंगात होते आणि बहिणीच्या अंत्यसंस्काराला पहाऱ्यात आले होते. खटल्यात विरुद्ध मत देणारा हा माणूस त्या कोठड्यांत पुन्हा पुन्हा का जात राहिला, याचं उत्तर यात असेल का? मला आपलं तसं वाटतं.

आपल्याकडचं चित्र माहीत नाही असं नाही. २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांतल्या दर चार माणसांपैकी तीन कच्चे कैदी होते. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची क्षमता ८०४ आणि आतली माणसं तीन हजारांच्या वर, ही बातमी तर इतक्या वर्षांत इतक्यांदा वाचलीय की डोळा त्यावरून घसरतो. आता थुंकीतून दोन तासांत क्षय शोधणारं यंत्र आहे, तुरुंगांत तपासणीच्या मोहिमा होतात. मामाच्या वेळी हे काही नव्हतं. पण सतरंज्यांमधलं अंतर मोजणारं यंत्र कुणी अजून काढलेलं नाही.

मामा २००९ मध्ये गेला, हृदयविकारानं. खोकला पुन्हा कधी झाला नाही. एक सवय मात्र शेवटपर्यंत होती. डिसेंबरच्या थंडीतही तो खिडकी सताड उघडी टाकून झोपायचा, आणि मामी कुरकुरत डोक्यावरून दोन गोधड्या घ्यायची.

गेल्या महिन्यात मामीकडे गेले होते. ऐंशी ओलांडलीय तिनं, कान शाबूत आहेत. लीची गोष्ट तिला जमेल तशी सांगितली. तिनं नीट ऐकून घेतली. मग म्हणाली, "मग सापडला का गं तो माणूस? ज्याच्याकडून लागला?"

"नाही मामी. कोर्ट म्हणालं, शोधायची गरज नाही."

मामी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "यांच्या शेजारी एक म्हातारा असायचा. रात्री खोकला लागला की हे उठून त्याला पाणी द्यायचे. त्याला तारीखच मिळत नव्हती म्हणे. सुटल्यावर दोन-तीनदा चौकशीला गेले होते, पण नाव कुठं माहीत होतं? आजोबा म्हणायचे त्याला सगळे."

एवढी वर्षं मामा गप्प का राहायचा, ते मला त्या दिवशी कळलं. मी उठून खिडकी लावायला गेले, ऊन तिरपं आलं होतं, तर मामी म्हणाली, "राहू दे. उघडीच असते ती."